चौदा तुकड्यांचा कोट

बसथांब्यावर पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईच्या स्कर्टची दुमड मागच्या बाजूने वीतभर उसवली होती. एवढंसं ते, पण ते दिसलं आणि मागे उभ्या असलेल्या तिचा जीव टांगणीला लागला. ती डाव्या पायावरून उजव्या पायावर झाली, उजव्यावरून पुन्हा डाव्यावर. पर्समध्ये ओवलेली सुई होतीच. सुई नसली तर तिला चपला विसरून घराबाहेर पडल्यासारखं वाटे. शेवटी तिने त्या बाईच्या खांद्याला बोट लावलं.

“एक मिनिट हलू नका हं. टोचेल.”

बाई दचकली, मग हसली, आणि मग खरंच हलली नाही. सात टाके पडले, गाठ बसली, दोरा दातांनी तुटला. दोघींनी माना वर करून पाहिलं तेव्हा त्यांची बस वळणावरून दिसेनाशी झाली होती.

अशी ती. घरात बसली तर उशीचा अभ्रा उलटा करून बघायची. कुणाशी बोलत असली तर डोळे समोरच्याच्या कॉलरवर. नवरा बस डेपोत वेळा नोंदण्याच्या कामावर होता, आता निवृत्त; तो म्हणायचा, “हिच्याशी लग्न केल्यापासून माझं एकही बटण सैल राहिलेलं नाही, आणि एकही दुपार शांत गेलेली नाही.”

ती कामाला होती त्या दुकानात पुढे तयार कपडे विकले जात आणि मागे, पडद्याआडच्या खोलीत, ते माणसांच्या अंगाला बसवले जात. खोली पाच पावलं लांब, तीन पावलं रुंद. एक शिलाई मशीन, एक टेबल, भिंतीला एक आरसा आणि एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. एकतीस वर्षं ती तिथे विजारी आखूड करत होती, कंबरा सैल करत होती, खांदे आत घेत होती. घट्ट आलेलं सैल होऊन जाई, सैल आलेलं घट्ट होऊन जाई. तिचं खरं कसब उसवण्यात होतं. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. चिमुकल्या पात्याने ती शिवण अशी उघडायची, की कापडाला आपण कधी शिवले गेलो होतो याची आठवणही राहू नये. दुकानातल्या इस्त्रीवाल्याने तिचं नाव उसवणबाई ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

पण एक गोष्ट त्या इस्त्रीवाल्याला ठाऊक नव्हती, मालकाला नव्हती, घरीही कुणी कधी विचारलेली नव्हती. हजारो कपडे तिच्या हाताखालून गेले, पण कोऱ्या कापडापासून शेवटच्या बटणापर्यंत अख्खा कपडा तिने आयुष्यात एकही शिवलेला नव्हता. तिचे स्वतःचे कपडेसुद्धा कुणाचे तरी जुने, आपल्या अंगाला बसवून घेतलेले. कारण विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं: शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर उसवता येत नाही.

आणि कापड तर घरात होतं. बावीस वर्षांपूर्वी एक कापडाचं दुकान कायमचं बंद होत होतं, तिथून तिने ताग्याचा शेवटचा तुकडा आणला होता. लोकरी, दाट विणीचा, बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा. तेवढाच उरला होता. पुन्हा तसा मिळणार नव्हता. तिच्या मनात एक लांब कोट होता. तो मनातच राहिला. दर वर्षी ती ट्रंक उघडायची, कापड उलगडायची, हात फिरवायची, पुन्हा घडी घालायची आणि डांबराच्या गोळ्या बदलायची.

या वर्षी उलगडलं तर घडीच्या कडेला दोन भोकं. मसुराएवढी. कसर लागली होती.

ती ट्रंकेपाशीच फतकल मारून बसली. मग उठली. मग स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत आली आणि भोकं पुन्हा मोजली. दोनच होती. पण दोनाची वीस व्हायला कसरीला परवानगी लागत नाही. आता कापड बेतायचं, नाहीतर किड्यांना घालायचं. तिसरी वाट उरली नव्हती.

त्याच आठवड्यात गावच्या वाचनालयातली ग्रंथपाल मुलगी रेनकोटच्या बाह्या आखूड करून घ्यायला आली. टाचण्या लावून घेताना ती बोलत राहिली. वाचनालयाच्या माडीवर, जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत, दर शनिवारी तीन वाजता काही माणसं जमतात म्हणाली. ज्याला जे करावंसं वाटतं आणि होत नाही, ते त्याने तिथे आणायचं.

“शिकवतं कोण?” उसवणबाईने तोंडातल्या टाचण्यांमधून विचारलं.

“कोणीच नाही.”

“मग फायदा काय?”

“या आणि बघा ना. पण एक अट आहे. पुरं झालेलं काही आणायचं नाही. अर्धवटच आणायचं.”

“आणि ज्याला सुरुवातच झालेली नाही, ते?”

“ते तर सगळ्यात अर्धवट,” मुलगी म्हणाली.

घरी हे ऐकून नवरा हसला. “म्हणजे अर्धवटांचं मंडळ! जा, जा. तुला अध्यक्ष करतील.”

ती गेली. माडीवर सात-आठ माणसं एका लांब टेबलाभोवती बसली होती. एक निवृत्त सुतारकाका होते, त्यांच्यापुढे एक झाकण नसलेली पेटी. जन्मभर दारं-खिडक्या केल्या, म्हणाले. आता अशी पेटी करायची आहे जिच्यात काही ठेवायचं नाही. एक परिचारिका होती, दवाखान्याच्या कापडी चपला तशाच पायात घालून आलेली. ती रात्रपाळीत सुचलेल्या ओळी औषधांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहायची आणि चौथ्या ओळीला अडायची. बाकीच्यांत कुणी चित्र काढत होतं, कुणी तोंडाने एक सूर पुन्हा पुन्हा घोळवत होतं.

त्या बैठकीची रीत अशी होती. एकेकाने आपलं काम टेबलावर ठेवायचं. वा वा करायचं नाही. चूक काढायची नाही. इतरांनी फक्त एकेक प्रश्न विचारायचा. आणि ज्याला विचारला, त्याने तिथे उत्तर द्यायचं नाही. प्रश्न घरी न्यायचा आणि पुढच्या शनिवारी उत्तर आणायचं. बोलून नाही तर करून.

उसवणबाईने हिरवं कापड टेबलावर ठेवलं. सगळ्यांनी पाहिलं. ती कापडाची कड सरळ करत राहिली.

परिचारिकेने विचारलं, “याला मापं कुणाची?”

हा पहिला प्रश्न. आठवडाभर तो तिच्या मागे लागला. दुसऱ्या शनिवारी तिने कापड पुन्हा तसंच नेलं. तिसऱ्या शनिवारीही. सुतारकाकांनी विचारलं, “कात्री घरी ठेवून येता का?” ती उठली आणि खिडकी लावून आली. खिडकी आधीच लागलेली होती. चौथ्या शनिवारी कापडाला तिसरं भोक होतं, पहिल्या दोघांच्या शेजारी.

त्या शनिवारी घरी परतताना तिला वाट सुचली, आणि ती भर रस्त्यात थांबली. मापं कुणाची? आपली! आणि आपली मापं तर खुंटीवर टांगलेली आहेत. अंगाला अगदी बसतो असा तिचा एकच कपडा होता: तपकिरी कोट, एकोणीस वर्षं वापरातला. तो उसवायचा, तुकडे इस्त्री करून सपाट करायचे, हिरव्या कापडावर ठेवायचे आणि त्यांच्या कडेने खडू फिरवायचा. मग कात्रीला चुकायला जागाच कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा चहा घेऊन आला तर तपकिरी कोट जमिनीवर आडवा आणि ही त्याच्यावर ओणवी.

“अगं, थंडी तोंडावर आलीय. घालशील काय?”

“हिरवा.”

“कुठला हिरवा?”

“होतोय,” ती म्हणाली, आणि पातं शिवणीत सरकलं.

दोन तासांत कोटाचे चौदा तुकडे झाले. तिने प्रत्येकावर खडूने आकडा घातला, एक ते चौदा. आकडा घातला की तिला धीर येई. मग हिरव्या कापडावर त्यांची मांडणी, शिवणीच्या मायेसाठी दोन बोटं जागा सोडून, भोकांची बाजू टाळून. आणि मग कात्री. पहिला काप घेताना तिने श्वास रोखला तो कोपऱ्यावर वळल्यावरच सोडला. पण पुढे हात चालला. चौदाही तुकडे निघाले. तिने नवऱ्याला हाक मारून दाखवले. त्याने घड्याळाकडे पाहून सांगितलं, “एक तास बेचाळीस मिनिटं. आणि बावीस वर्षं.”

पुढच्या दोन शनिवारांना काम टेबलावर वाढत गेलं. बैठकीत ती आता बसायची, म्हणजे खुर्चीच्या कडेला का होईना पण बसायची. कॉलर झाली, खिसे झाले. तपकिरी कोटात जे जसं होतं ते तसं हिरव्यात उतरत होतं. आकडा नऊ आणि दहा बाहीखालचे तिकोनी तुकडे, आकडा तेरा आणि चौदा मनगटाच्या पट्ट्या. तिकोन तर असे बसले, की टोकाला टोक भिडलं. तिला इतका आनंद झाला की दुकानात तिने इस्त्रीवाल्याला बोलावून बाही उलटी करून दाखवली.

“वा, उसवणबाई,” तो म्हणाला. “आता आम्ही काय नाव ठेवायचं?”

वाचनालयाची आणखी एक रीत होती. वर्षातून एकदा, एका शनिवारी, खालचा मोठा दिवाणखाना उघडायचा आणि माडीवरची सगळी अर्धी-मुर्धी कामं तिथे मांडायची. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघायची. तो दिवस आता दोन आठवड्यांवर आला होता. ग्रंथपाल मुलीने एक लाकडी टांगणीही आणून ठेवली, कोटासाठी.

दोन आठवडे उरलेल्या त्या शनिवारी तिने कोट टेबलावर ठेवला. अस्तर आणि बटणं सोडली तर कोटच तो. तिला आत कुठेतरी वाटत होतं, की आज कुणीतरी रीत मोडून वा म्हणेल.

सुतारकाकांनी चष्मा कपाळावर घेतला. बाही हातात धरली, तिचा तिकोन अंगठ्याने चाचपला, मग मनगटाची पट्टी. त्यांच्या अंगठ्याला जन्मभर लाकडाचे सांधे चाचपायची सवय. ते काही वाईट मनाचे नव्हते. माहीत नव्हतं म्हणून विचारलं.

“बाई, आम्ही लाकूड अपुरं पडलं तरच जोड देतो. तुमचं कापड तर एवढं होतं. हा जोड कशासाठी?”

तिने तोंड उघडलं. रीत आठवली, मिटलं. आणि मग तिला कळलं, की रीत नसती तरी तिच्याकडे उत्तर नव्हतं.

माडीचा जिना एकोणीस पायऱ्यांचा. तो तिने न थांबता उतरला. घरी येऊन तिने कोट खुर्चीवर टाकला, उचलला, दाराच्या खिळ्याला अडकवला, पुन्हा उचलला. तपकिरी कोटाचे तुकडे पिशवीत होते, त्यांतून तिने आकडा नऊ शोधून काढला. खिडकीशी धरला. तो तुकडा बाकीच्या तपकिरीपेक्षा किंचित वेगळा होता. एकोणीस वर्षांत तो फरक धुऊन धुऊन मिटला होता, पण उजेडात दिसत होता. तो त्या कोटाचा मूळचा नव्हताच.

तिने मोठ्या जावेला फोन लावला. तपकिरी कोट आधी जाऊबाईंचा होता.

“जाऊबाई, तुमच्या त्या तपकिरी कोटाची बाही आखूड होती ना?”

“माझी बाही अगदी बरोबर होती,” जाऊबाई म्हणाल्या. “हात तुझे लांब.”

“आणि अरुंद?”

“अरुंद नव्हे, मी बारीक होते. अजूनही आहे. का गं? परत पाठवतेस की काय कोट?”

“तुकडे पाठवू?” असं तिच्या तोंडून जाता जाता राहिलं. तिने फोन ठेवला आणि खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून खोलीत अशा फेऱ्या सुरू केल्या.

झालं होतं ते इतकंच. एकोणीस वर्षांपूर्वी तिने जावेचा कोट आपल्या अंगाला बसवला, तेव्हा दंड मावेना म्हणून बाहीखाली तिकोन घातले आणि हात बाहेर राहिला म्हणून मनगटाला पट्टी लावली. कापड नव्हतं म्हणून केलेली ती सोय. आणि आता, ढीगभर कापड पुढ्यात असताना, तिने ती सोय जशीच्या तशी उतरवली होती. आधी बाही जावेच्या हाताएवढी कापली, मग ती आपल्याला लहान पडते म्हणून जोडली. नव्या कोऱ्या कापडाला एकोणीस वर्षांपूर्वीचं ठिगळ. अख्ख्या दुनियेत ही चूक दुसरं कोणी करूच शकलं नसतं. शिकाऊ शिंप्यानेसुद्धा केली नसती. त्याला मुळात तिकोन घालताच आला नसता.

“सतरा,” नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

“काय सतरा?”

“फेऱ्या. काय झालंय ते सांगशील की पन्नास झाल्यावर मीच विचारू?”

तिने सांगितलं. एकतीस वर्षांत अख्खं काही शिवलेलं नाही, इथपासून सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “पण बाहेरून दिसत नाही ना?”

“नाही.”

“मग कुणाला कळतंय?”

“मला,” ती म्हणाली, “आणि सुतारकाकांना.” तुकडा हातात फिरवत ती पुढे म्हणाली, “मला आयुष्यात एक तरी वस्तू अशी करायचीय हो, जी आधी दुसऱ्या कुणाची नव्हती. आणि केली ती जाऊबाईंची.”

त्याने तिच्या हातातला तुकडा घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. “तुझे हात लांब आहेत हे मला पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं,” तो म्हणाला.

सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी तिने बाह्या उसवल्या. हे तिचं राज्य. इथे ती चुकत नव्हती. मग उरलेलं हिरवं कापड पलंगावर पसरलं. अखंड बाही काढायची तर केवढी जागा लागेल, ते हाताने मोजून पाहिलं. एक निघत होती. दुसरी ठेवायला गेलं की नेमकी भोकांवर येत होती, आणि भोकं आता सात झाली होती. उभं धरा, आडवं धरा, तिरकं धरा. कापड एकच बाही द्यायला तयार होतं.

एक बाही अखंड आणि दुसरी जोडाची, असा कोट कोण करतो? कोट नाही नेला तर? नवव्या आकड्याच्या तुकड्यासारखं गुपचूप मिटून जाईल सगळं. टांगणीला दुसरं काहीतरी अडकवतील. मंगळवारी तिने ठरवलं, जायचं नाही. बुधवारी दुकानात एका गिऱ्हाइकाची विजार तिने मापापेक्षा बोटभर आखूड केली आणि पुन्हा सोडली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. इस्त्रीवाल्याने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि इस्त्रीत पाणी घालायला निघून गेला. गुरुवारी ठरवलं, जायचं. शुक्रवारी पुन्हा नाही. शनिवारी पावणेतीनला ती पिशवीत कोट, दोन सुट्या बाह्या, उरलेलं कापड आणि मोठी कात्री भरून जिन्याच्या तळाशी उभी होती. कात्री तिने या बैठकीला पहिल्यांदाच आणली होती.

“काका,” वर पोचताच ती बसायच्याही आधी म्हणाली, “तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जोड कशासाठीच नाही. जुन्या कोटाला होता म्हणून दिला. आणि तो कोट माझा नव्हता.”

मग तिने आकडा नऊ टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. सुतारकाकांना हसू आवरेना, आणि हसावं की नाही हेही ठरेना. शेवटी ते म्हणाले, “मी पाच वर्षं प्रत्येक नव्या दाराला एक नको असलेली कडी बसवत होतो. जुन्या दाराला होती म्हणून.” मग सगळेच हसले, आणि तीही. पण ती उभीच होती.

“अखंड बाही काढायचीय,” ती म्हणाली. “एकच निघेल. पण साचा नाहीये. माप लागेल.”

“तुमच्याकडे टेप आहे की,” ग्रंथपाल मुलगी म्हणाली.

टेप तर गळ्यातच होती. उसवणबाईने ती काढली, एक टोक स्वतःच्या खांद्यावर धरलं आणि दुसरं मनगटाकडे नेलं. हात वाकवला तर माप वाढे, सरळ केला तर टोक निसटे. हजारो माणसांचे हात मोजलेल्या बाईला आपला हात मोजता येईना. ती गोल फिरली, पुन्हा धरली, पुन्हा निसटली.

परिचारिका उठली. “द्या इकडे. हात खाली सोडा. सैल. श्वास घ्या.” दवाखान्यातला आवाज होता तो, त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. तिने टेप खांद्याच्या हाडावर टेकवली, कोपरावरून खाली आणली. “हलू नका.”

ती हलली नाही. समोरच्या माणसाला हलू नका म्हणणं, आणि आपल्याला कुणी म्हणणं, यांत केवढा फरक आहे हे तिला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. परिचारिकेची बोटं गार होती. दंडाचा घेर झाला, मनगटाचा झाला.

“साडेतेवीस, तेरा, सात,” परिचारिका म्हणाली, आणि सवयीने ते एका औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून तिला दिलं.

लांब टेबल मोकळं केलं गेलं. चित्रं बाजूला गेली, पेटी खुर्चीवर गेली. हिरवं कापड पसरलं. सुतारकाकांनी एक कड दाबून धरली, ग्रंथपाल मुलीने दुसरी. उसवणबाईने खडू हातात घेतला. पुढ्यात कुठलाही तुकडा नव्हता, कड नव्हती जिच्याबरोबर खडू फिरवायचा. चिठ्ठीवरचे तीन आकडे, आणि मुंढ्याची, खांद्याला बाही जोडते तिथली, गोलाई डोळ्यांतली. तिने एक रेघ ओढली, पुसली. दुसरी ओढली. तिसऱ्यांदा हात न उचलता बगलेपासून मनगटापर्यंत आली.

“बरोबर आहे का?” तिने विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. तिथली रीतच तशी.

मग तिने कात्री उघडली. दाट लोकरीतून कात्री जाते तेव्हा एक जाडसर कुरकुर होते. त्या खोलीत तेवढाच आवाज होता. सूर घोळवणारा माणूसही गप्प झाला होता. मुंढ्याच्या वळणावर तिचा हात थांबला. सगळे थांबले. तिने कात्री बंद केली नाही, मागेही घेतली नाही. नुसता पायांचा भार बदलला, डावीकडून उजवीकडे, आणि पुढे कापलं.

बाही निघाली. बगलेपासून मनगटापर्यंत एक.

ती डाव्या हाताची झाली. उजवीला जुनाच तिकोन आणि पट्टी परत बसली, कारण दुसरा इलाज नव्हता. आठवडाभर कामावरून आल्यावर ती बटणं आणि अस्तर करत होती, आणि करताना गुणगुणत होती. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.

मांडणीच्या दिवशी वाचनालयाचा दिवाणखाना माणसांनी भरला. सुतारकाकांची पेटी होती, झाकणासकट. उघडून बघणाऱ्याला आत काही सापडत नव्हतं आणि प्रत्येकजण पुन्हा उघडून बघत होता. परिचारिकेच्या चिठ्ठ्या दोरीला चिमट्यांनी लावल्या होत्या, तीन-तीन ओळींच्या. भिंतीशी लाकडी टांगणी होती. तिच्यावर सकाळी अर्धा तास कोट होता. मग उसवणबाईला राहवेना. कुणी कॉलर वळवली की तिचा जीव वर, कुणी बटण ओढलं की खाली. शेवटी तिने कोट टांगणीवरून काढला, अंगात घातला आणि टेबलांमधून चालायला लागली.

ग्रंथपाल मुलीने कपाळाला हात लावला. मग एका पुठ्ठ्यावर लिहिलं आणि ते रिकाम्या टांगणीला अडकवलं: “कोट इथेच कुठेतरी फिरतो आहे.”

दुपारी नवरा आला. त्याने पुठ्ठा वाचला, चष्मा सरळ केला आणि गर्दीत शोध सुरू केला. ती पुस्तकांच्या कपाटांपाशी सापडली, तिथून खिडकीशी, खिडकीशी गाठेपर्यंत दारापाशी.

“अगं थांब ना जरा! कोट बघू दे की मला.”

ती थांबली. पहिल्यांदा उजवा हात वर केला, बगलेखालचा तिकोन दाखवला. “हा जाऊबाईंचा,” म्हणाली. मग डावा हात वर केला, सरळ, पूर्ण लांब. “आणि हे बघा.”

तो वाकला. चष्मा पुढे केला, मागे केला. बगलेपासून मनगटापर्यंत सावकाश पाहत गेला.

“इथे तर काहीच दिसत नाही,” तो म्हणाला.

“तेच दाखवतेय,” ती म्हणाली, आणि पुढच्या टेबलाकडे निघाली.